डायलिसिसने डोळे जातात का?

"ताई, मला मशीनवरून अडीच तासांतच काढा. चार तास नाही जमणार." त्या काकांनी लागोपाठ तिसऱ्या वेळी हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. आधी ते डोकं दुखतं म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने खरं बोलले. डावा डोळा ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, घरी गेल्यावर थांबतं. "किडनी गेलीच आहे, आता डोळाही जायचा का?" काकूंना त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं.

ठणका डायलिसिसच्या वेळीच येत होता, पण डोळ्यांची तपासणी मधल्या मोकळ्या दिवशी झालेली. तेव्हा डोळ्यातला दाब १७, म्हणजे नॉर्मल. साधारण १० ते २१ ठीक मानतात. मीही आधी ते डोकेदुखीवर सोडून दिलं होतं, ही माझी चूक.

नेत्रतज्ज्ञांनी तिसऱ्या तासाला, मशीन चालू असतानाच, हातातल्या छोट्या यंत्राने दाब मोजला. डावीकडे ३१. मग डॉक्टरांनी जे समजावलं ते मी काकांना माझ्या भाषेत सांगितलं: मशीन रक्तातला युरिया, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, भराभर काढतं, डोळ्यातला मात्र सावकाश निघतो. तेवढ्या वेळात डोळ्यातला द्राव रक्तापेक्षा दाट राहतो आणि पाणी ओढून घेतो. डोळ्यातल्या द्रावाचा निचरा चांगला असेल तर हे जाणवतही नाही. शिवाय मशीन अंगातलं जादा पाणी काढतं, त्याने काहींचा दाब उलट उतरतो. काकांच्या डोळ्यातली निचऱ्याची वाट मुळातच अरुंद होती.

"म्हणजे डायलिसिस बंद?" काकू एकदम म्हणाल्या. नाही! अर्धवट डायलिसिसने पाणी आणि पोटॅशियम साठतं, ते जिवावर बेततं. काकांना लेझर झालं, थेंब सुरू झाले, किडनीच्या डॉक्टरांनी युरिया सावकाश उतरेल अशी मशीनची सेटिंग बदलली. काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरवायला देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी किडनीवाटे बाहेर पडते, म्हणून डायलिसिसच्या पेशंटला ती सहसा टाळतात. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर डायलिसिस चालू आहे हे आधी सांगा, असं काकूंना दोनदा बजावलं.

पुढच्या खेपेला तिसऱ्या तासाचा दाब २० आला. काका चार तास बसले, त्यातला एक तास घोरत.