वॉरंटीतल्या ट्रकचं ऑइल गळतंय आणि शोरूम क्लेम नाकारतंय, काय करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दहा टायरची गाडी, १४ महिने झालेत, महिने आणि किलोमीटर दोन्ही अजून वॉरंटीत आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, तिथून ऑइल ठिबकतंय. शोरूमवाले आधी म्हणाले, "हे सीपेज (नुसती ओल धरणं) आहे, नॉर्मल आहे." दुसऱ्यांदा गेलात तर म्हणाले, ऑइल सील वॉरंटीत येत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, एक सर्व्हिस बाहेर केलीत म्हणून वॉरंटीच संपली. गाडी तुमच्या नावावर आहे आणि तुम्हीच चालवता.

तीन खेपांना तीन कारणं, आणि तिन्ही तोंडी. नॉर्मल असेल तर सीलचा विषय निघतोच कशाला? आणि वॉरंटीच संपली असेल तर सील त्यात येतं की नाही, हा वाद कशासाठी? यातलं एकही कारण जॉब कार्डवर, म्हणजे गाडी कामाला घेताना वर्कशॉप तक्रार लिहितं त्या कागदावर, लिहिलेलं नसणार, पैज लावतो. तुमचं भांडण तिथेच अडकलंय.

मी हे भोगलंय. माझी सहा टायरची गाडी, कराडहून गूळ आणि आलं भरून वाशीला जाते, येताना मिळेल ते भाडं. नवी गाडी, वर्ष झालं नव्हतं, आणि खाली थेंब दिसायला लागले. वर्कशॉपने पहिल्यांदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं. आठ दिवसांनी परत थेंब. मग चेंबरचं, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीचं, पॅकिंग बदललं. परत थेंब. दोन्ही वेळा गाडी दोन-दोन दिवस उभी, हप्ता मात्र उभा राहत नाही. शेवटी एकदा भरलेली गाडी घेऊन येताना खंबाटकी घाट चढताना क्लच सरकायला लागला. इंजिन ओरडतंय आणि गाडी हलत नाही. तेव्हा कळलं की गळती मागच्या क्रँक सीलची, म्हणजे क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणाऱ्या सीलची होती आणि ऑइल थेट क्लच प्लेटवर जात होतं.

म्हणून वॉरंटीवर भांडण्याआधी गळती नेमकी कुठून आहे ते ठरवून घ्या. चालत्या गाडीत वाऱ्याने ऑइल मागे आणि खाली ओढलं जातं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच भोक असतं असं नाही. टॅपेट कव्हरमधून निघालेलं ऑइल ब्लॉकच्या मागच्या अंगाने उतरून बरोबर बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) ठिबकतं आणि पाहणाऱ्याला वाटतं मागचं सील गेलं. ऑइल कूलर, फिल्टरची बैठक, टर्बोची रिटर्न पाइप, एअर कॉम्प्रेसर, सगळ्यांचं तेच. इंजिन धुवायला लावा, हवा मारून कोरडं करा, वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवा, मग बॅटरी घेऊन खाली शिरा. ओल सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे दिसते, संशय तिथे घ्या. चांगल्या वर्कशॉपकडे ऑइलमध्ये घालायचा रंग असतो, निळसर दिव्याखाली तो चमकतो. तो मागा. नसेल तर टाल्कम पावडर भुरभुरली तरी ओल कुठून येते ते कळतं.

गळती खरंच बेल हाउसिंगमधून निघाली, तर आणखी एक गोष्ट पाहा. ऑइल इंजिनचं आहे की गिअरबॉक्सचं? गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. बोटावर घेऊन हुंगलं तरी बहुतेक वेळा समजतं. इंजिनचं असेल तर मागचं क्रँक सील, गिअरचं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. गिअरबॉक्स दोन्हीत उतरवावा लागतो, पण कागदावर भलतंच सील लिहिलं गेलं तर पुढे सगळं भांडण चुकीच्या वस्तूवर होतं.

आता एक गोष्ट अशी, जी शोरूम स्वतःहून सहसा बघत नाही. सील गेलं म्हणून नवं बसवलं आणि महिन्यात परत गळायला लागलं, तर दोष बऱ्याचदा सीलचा नसतो. ब्रीदर, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी, तुंबलेला असू शकतो. पिस्टनच्या बाजूने थोडी हवा कायम खाली चेंबरमध्ये उतरते आणि ती ब्रीदरमधून बाहेर पडते. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो आणि जे सील सगळ्यात कच्चं असेल तिथून ऑइल ढकललं जातं. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं तरी असंच होतं: क्रँक ऑइलात आपटतो, फेस होतो, दाब वाढतो. म्हणून गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद करून थोडं थांबून ऑइल मोजायची दांडी पाहा आणि तिचा फोटो ठेवा. उद्या "तुम्हीच ऑइल जास्त भरलंत" हे चौथं कारण आलं तर तुमच्याकडे उत्तर असेल. क्रँकवर सील घासून खाच पडली असेल तरी नवं सील टिकत नाही. आणि काही नवी सीलं कोरडीच बसवायची असतात. जुन्या सवयीने मिस्त्रीने त्यांना ऑइल लावून बसवलं की गळती कायम.

हे सगळं कशासाठी सांगतोय? तुम्ही "ऑइल गळतंय" एवढंच म्हणालात तर ते "सीपेज" लिहून मोकळे होतात. ओल धरणं वेगळं आणि थेंब पडणं वेगळं, हा फरक वॉरंटीच्या पुस्तकातही असतो आणि ओल बहुतेक वेळा वगळलेली असते. म्हणून मोजमाप द्या. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी दांडी पाहा, किती किलोमीटरला किती लिटर वर घातलं ते वहीत लिहा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी फोटो काढा, त्यात मीटरचा आकडाही येऊ द्या. मी असं तीन आठवडे केलं. किन्नर (गाडीवरचा क्लीनर) हसायचा, पण माझ्या कामाला आली ती वहीच.

आता जॉब कार्ड. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: "बेल हाउसिंगखालून इंजिन ऑइलचे थेंब, १,००० किलोमीटरला इतके लिटर कमी होतं." सर्व्हिस ॲडव्हायझर 'जनरल चेकअप' लिहून सही मागतो, तिथे सही करू नका. क्लेम नाकारत असतील तर कारण लेखी द्या म्हणावं, वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नाकारता त्या अटीचा नंबर घालून. देत नाहीत? मग त्याच संध्याकाळी तुम्हीच ईमेल टाका: आज अमुक वाजता गाडी आणली, अमुक सांगितलं गेलं, हे बरोबर नसेल तर कळवा. तो ईमेल शोरूमला, कंपनीच्या विभागीय कार्यालयाला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला, तिघांना एकदम जाऊ द्या. तक्रार क्रमांक घ्या. वॉरंटीची तारीख आणि किलोमीटर यातलं जे आधी भरेल तिथे मुदत संपते, आणि ट्रकचे किलोमीटर किती भराभर पडतात हे तुम्हाला मी काय सांगू. तक्रार मुदतीच्या आत लेखी पोचली असली पाहिजे, दुरुस्ती नंतर झाली तरी चालेल.

सील वॉरंटीत येत नाही, हे अर्धसत्य असू शकतं. तुमचं वॉरंटी पुस्तक काढा आणि नीट वाचा. फिल्टर, ऑइल, क्लच प्लेट, रबराच्या वस्तू, हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात किंवा कमी मुदतीचे असतात. पण झिजून गेलेलं सील आणि मुळात चुकीचं बसलेलं सील यात फरक आहे. क्लच प्लेट झिजली तर तुमची, पण सील गळून ती ऑइलात भिजली तर तो त्याच दोषाचा परिणाम, हा मुद्दा लावून धरा. आणि मजुरीबद्दल स्पष्ट विचारा, कारण सील स्वस्त असतं आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी महाग. पार्ट फुकट देऊन मजुरी लावणं हा नेहमीचा खेळ आहे.

बाहेरच्या सर्व्हिसचं कारण सगळ्यात जास्त घाबरवतं, पण ते दिसतं तेवढं भक्कम नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये कार कंपन्यांच्या प्रकरणात सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश कार कंपन्यांबद्दल होता आणि त्यावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे तो ब्रह्मास्त्र समजू नका. पण पत्रात त्याचा उल्लेख करा आणि सरळ विचारा: बाहेर ऑइल आणि फिल्टर बदलल्याने मागचं क्रँक सील कसं काय गेलं? त्यासाठी बिल हवं, ऑइलचा ग्रेड लिहिलेलं.

माझ्या बाबतीत त्यांचं कारण ओव्हरलोडचं होतं. मी वजनकाट्याच्या पावत्या टाकत नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबून ठेवतो, बायको त्यावरून बोलते. त्या गड्डीने मला वाचवलं. विभागीय कार्यालयाचा इंजिनिअर आला, माझ्यासमोर गाडी धुतली, वही पाहिली, पावत्या पाहिल्या. सील आणि क्लच प्लेट वॉरंटीत झाली, मजुरीही. ऑइलचे पैसे माझ्याकडून घेतले. त्यावर मी भांडलो नाही, गाडी रस्त्यावर यायला हवी होती. आधीच्या चार दिवसांचं भाडं गेलं ते गेलंच.

तुमचं तिथवर मिटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ट्रक धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं त्यांचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणणार. तयार राहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरलेली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात स्वतः ट्रक चालवून पोट भरणाऱ्याचं उदाहरण देऊन तो ग्राहक असल्याचं म्हटलंय. मदतीला एखादा माणूस ठेवला तरी बिघडत नाही. पाच-दहा गाड्या ड्रायव्हरांवर चालवणाऱ्याला मात्र हा दरवाजा बहुधा बंद. मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जाता येतं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही. २० ते ५० लाखांच्या मोबदल्याला फी १,००० रुपये. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं. उत्पादनातला दोष म्हणणार असाल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, तुमच्या-माझ्या सांगण्यावर भागत नाही. आयोगाला तपासणी करून घेण्याचा अधिकार आहे, तसा अर्ज करा.

या सगळ्यात इंजिन किंवा गिअरबॉक्स बाहेर खोलू नका. एकदा का तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीने बोल्ट सोडला की त्यांना पाचवं कारण मिळालं. गळती थांबवायची बाटलीतली औषधंही घालू नका. पण थेंब एक्झॉस्टवर किंवा टर्बोच्या गरम भागावर पडत असतील तर वॉरंटी गेली खड्ड्यात, गाडी उभी करा, आग लागते. ऑइल प्रेशरची लाल बत्ती लागली तर एक किलोमीटरही ओढू नका.

दुरुस्ती झाल्यावर जुनं सील पाहायला मागा. वॉरंटीचे जुने पार्ट कंपनीकडे परत जातात, त्यामुळे तुम्हाला मिळणार नाहीत, पण फोटो काढू देतात. सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, एका बाजूने फाटलाय की सगळीकडून सारखा झिजलाय, ते त्यात दिसतं.

आणि त्या बाहेरच्या सर्व्हिसचं बिल सापडत नसेल तर उद्या नको, आजच त्या गॅरेजवाल्याकडे जा. बिलबुकात कार्बनची प्रत असते, तिच्यावर त्याचा शिक्का आणि सही घेऊन या.