हॅन्डेलला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा: अठराव्या शतकात युरोपात संगीत रचणाऱ्या हॅन्डेलच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९८५ साली, ब्रिटिश दिग्दर्शक टोनी पामर यांनी टीव्हीसाठी त्याच्यावर चित्रपट केला. त्या चित्रपटाची ओळख लिहिताना ‘बरोक संगीतकाराच्या जीवनावरील दूरचित्रवाणी चित्रपट’ असं म्हटलं तर चालेल का? ‘संगीतकार’ म्हटलं की सिनेमातल्या गाण्यांना चाली लावणारा डोळ्यांपुढे येतो, मग ‘वाग्गेयकार’ म्हणावं का?

वाग्गेयकार नको. शब्द भारदस्त आहे, पण तो मातु आणि धातु, म्हणजे शब्द आणि स्वर, दोन्ही रचणाऱ्यासाठी आहे. ‘मेसाया’ या त्याच्या गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या प्रसिद्ध धार्मिक रचनेचे शब्द हॅन्डेलचे नाहीत. चार्ल्स जेनेन्स यांनी ते बायबलमधून वेचून दिले आणि हॅन्डेलने १७४१ साली अवघ्या २४ दिवसांत त्यांचं संगीत लिहून काढलं. ‘रचनाकार’ही सुचवला जातो, पण रचना कशाची? कवितेची की इमारतीची?

मला ‘संगीतकार’च बरा वाटतो, आणि चाली लावणारा आठवतो म्हणून तर जास्तच. हा गृहस्थ काही बंद खोलीत बसून अजरामर कृती लिहीत नव्हता. लंडनमध्ये ऑपेराचा संसार चालवायचा, इटलीहून गायक आणायचे, त्यांचे रुसवे काढायचे, स्वतः वाजवायलाही बसायचं. ‘मेसाया’तली गाणीसुद्धा त्याने हाताशी असलेल्या गायकांचा गळा बघून पुन्हा पुन्हा बदलली. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’च्या चाली बालगंधर्वांचा गळा ओळखूनच दिल्या ना! फरक एवढाच की आपल्याकडे चाल एकाची आणि वाद्यमेळ संयोजकाचा अशी वाटणी पुष्कळदा असते. हॅन्डेल प्रत्येक वाद्याचे सूर स्वतः कागदावर मांडत असे. हे ओळखीत एका वाक्यात सांगून टाकावं, त्यासाठी नवा शब्द पाडायची गरज नाही.

‘बरोक’, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातली युरोपीय संगीताची शैली, हा शब्द तसाच ठेवा. मूळ पोर्तुगीज ‘बार्रोको’, म्हणजे बेढब मोती. पोर्तुगीजांकडून आपण चावी, पगार थेट घेतले, हा मात्र इंग्रजीच्या वळणाने आला. गंमत म्हणजे संगीताच्या या कालखंडाला हे नाव विसाव्या शतकात रूढ झालं. हॅन्डेलला कुणी बरोक म्हटलं असतं तर त्याला ती शिवीच वाटली असती.

‘दूरचित्रवाणी चित्रपट’ वाचताना चित्रावर चित्र आदळतं. ‘टीव्हीसाठी केलेला चरित्रपट’ म्हणा. ‘टेलिफिल्म’ही मराठीत कधीच रुळली आहे, पण चरित्रपट म्हटलं की ‘जीवनावरील’ लिहावं लागत नाही.

आणि नाव? जर्मनीत तो हेंडेल. १७२७ साली ब्रिटिश नागरिक झाला. इंग्लंडमध्ये स्वतःचं नाव लिहिताना त्याने ‘ए’वरचे दोन ठिपके काढून टाकले. चित्रपट इंग्रजी आहे, तेव्हा हॅन्डेलच लिहा.