मिरची सोडूनही जळजळ थांबत नसेल तर

एंडोस्कोपीत जठराच्या अस्तराला सूज निघाली, मिरची पूर्ण बंद केली, तरी जळजळ जशीच्या तशी आणि वर घरच्यांचं ‘पथ्य पाळत नाहीस’, हे तुम्ही लिहिलेलं वाचून माझेच जुने दिवस आठवले. मी डॉक्टर नाही. हे वाचून परस्पर गोळ्या बदलू नका.

खापर फोडायला मिरची सोयीची असते. पण नेहमीच्या जेवणातल्या तिखटानं अस्तर भाजत नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, तिथल्या नसांच्या टोकांवरचा टीआरपीव्ही-१ हा रिसेप्टर (संवेदना टिपणारा रेणू) चेतवतं. साधारण ४३ अंशांपुढची उष्णताही तोच ओळखतो, म्हणून मेंदूला भाजल्यासारखं वाटतं. त्याच वेळी त्या नसा सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडतात, अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो आणि आत शिरलेलं आम्ल निपटायला मदत होते. उंदरांमध्ये कॅप्सेसिनच्या मोठ्या मात्रेनं याच नसा निकामी केल्या, तर जठराला उलट जास्त इजा होते. १९९५ साली १८ निरोगी लोकांवर एक प्रयोग झाला होता: ॲस्पिरिनच्या अर्धा तास आधी २० ग्रॅम मिरची दिली, तेव्हा जठराला इजा कमी दिसली. म्हणून कोणी मिरची फाकत बसू नये! प्रयोग लहान होता, आणि सुजलेल्या पोटाला तिखट झोंबतं ते झोंबतंच. जळजळ छातीत असेल तर प्रकरण वेगळं. अन्ननलिकेला जठरासारखं संरक्षण नसतं.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक तपासणी केंद्र. जठराच्या अस्तराला सूज आणणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठी श्वासाची तपासणी लिहून दिली होती. काउंटरवर नाव विचारलं, वय विचारलं, उपाशी आहात का विचारलं. आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे का, हे कोणी विचारलं नाही, फॉर्मवर तसा रकानाही नव्हता. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल असल्या गोळ्यांनी हा जिवाणू दबून राहतो आणि खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. त्या निदान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी बंद असाव्या लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि त्या एका कागदावर कित्येक महिने फिकं खाण्यात गेले. गोळी थांबवून पुन्हा तपासलं तेव्हा पॉझिटिव्ह. जाब विचारला तर उत्तर काय, ‘आम्ही फक्त रिपोर्ट देतो.’ अजून डोकं तापतं.

सांधेदुखी-डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. अस्तराचं खरं नुकसान करणाऱ्यांत या गोळ्या वरच्या नंबरावर आहेत, आणि ‘त्या तर दुखण्याच्या’ म्हणून आपण सांगतच नाही. शौचाला काळं होत असेल किंवा वजन उतरत असेल तर इथे उत्तरांची वाट बघू नका, आजच दाखवा.

जाता जाता: मिरचीतला खरा जाळ बियांत नसतो, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. पुन्हा सुरू कराल तेव्हा ती काढून थोडी थोडी घ्या.

तुमची पायलोरीची तपासणी झाली असेल तर रिपोर्टवरची तारीख बघा. त्या दिवसांत कोणती गोळी चालू होती?