स्वस्त कॉल उचलण्याआधी डेल्टा बघ
भावा, पाच रुपयांचा कॉल (निफ्टी ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क देणारा ऑप्शन) स्वस्त दिसतो म्हणून उचलू नकोस. ऑप्शन चेनमध्ये, म्हणजे ऑप्शनच्या भावांच्या तक्त्यात, त्याचा डेल्टा बघ; निफ्टी एक अंक हलला की ऑप्शनचा भाव किती रुपये हलतो, तो हा आकडा. ०.०५ असेल, तर निफ्टी २० अंक चढला तरी प्रीमियम, म्हणजे कॉलचा भाव, जेमतेम रुपयाने वाढणार, आणि दिवस सरला की टाइम डीके (मुदत सरते तशी भावात होणारी घट) तोही खाणार. ॲट द मनी, म्हणजे निफ्टीच्या चालू पातळीजवळच्या, कॉलचा डेल्टा ०.५च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच चालीत दहाएक रुपये. फ्युचरचा (पुढच्या तारखेच्या निफ्टीच्या सौद्याचा) जवळपास १. म्हणून एक लॉट (ठरलेला गठ्ठा) फ्युचर घेऊन उणे ०.५ डेल्टाचे दोन लॉट पुट (निफ्टी पडला की भाव वाढणारा ऑप्शन) विकत घेऊन जोडलेस, की पोझिशनचा डेल्टा शून्यावर येतो. त्या घडीपुरताच हं! बाजार हलला की डेल्टाही हलतो, एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपते त्या दिवशी, तर फारच झपाट्याने. सोलापूरच्या चाटी गल्लीत गिऱ्हाइकाला साड्या दाखवत मोबाइलवर हे सांभाळता येत नाही; त्या दिवशी सरळ दुकान बघ.