वाचकांचे प्रश्न : फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये नेमके काय चालते?

प्रश्न : माझ्या यजमानांना त्यांच्या कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फ्रीमेसनांच्या लॉजचे सभासद होण्याविषयी सुचवले आहे. ही गुप्त संघटना आहे, तेथे डोळे बांधून शपथ घ्यायला लावतात आणि पुढे देवधर्मही सोडावा लागतो, असे आमच्या नात्यातील काही मंडळींनी सांगितल्यामुळे सासूबाई धास्तावल्या आहेत. यात खरे किती आणि ऐकीव किती? — एक वाचक, ठाणे

उत्तर : फ्रीमेसन म्हणजे विधिपूर्वक प्रवेश घेऊन परस्परांना बंधू मानणाऱ्या सभासदांची एक जुनी संघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. डोळे बांधतात हे खरे आहे, शपथ घ्यावी लागते हेही खरे आहे, देवधर्म सोडावा लागतो हे मात्र साफ खोटे आहे. उलट भारतात जी परंपरा चालते, तिच्यात परमेश्वरावर श्रद्धा असल्याचे सांगितल्याखेरीज कोणालाही प्रवेश मिळत नाही. तो परमेश्वर कोणत्या धर्माचा, हे विचारले जात नाही. लॉजच्या सभेत धर्मग्रंथ उघडून ठेवल्याशिवाय कामकाज सुरू होत नाही, आणि भारतात गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता यांपैकी उमेदवाराचा जो ग्रंथ असेल त्यावर हात ठेवून तो शपथ घेतो.

गुप्ततेविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. या संघटनेचे अस्तित्व लपवलेले नाही. मुंबईच्या फोर्ट भागात तिची ‘फ्रीमेसन्स हॉल’ ही इमारत उघड्यावर उभी आहे. ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ ही देशातील शिखरसंस्था २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत समारंभपूर्वक स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर म्हणजे प्रमुख झाले. सभासदाने आपले सभासदत्व घरात किंवा बाहेर सांगण्यासही मनाई नाही. राखायच्या असतात त्या एकमेकांना ओळखण्याच्या खुणा, हस्तांदोलनाच्या रीती आणि संकेतशब्द. गंमत अशी की या विधींचा तपशील लंडनमध्ये १७३० सालीच छापून विक्रीस आला होता, त्यामुळे केवळ कुतूहल शमवायचे असेल तर गुपित म्हणावे असे फारसे काही उरलेले नाही. तरीही ते पाळले जाते, कारण दिलेला शब्द माणूस पाळतो की नाही हे पाहण्याची ती एक रीत आहे.

हे सारे आले कोठून, ते समजले की विधींचा विचित्रपणा बराच कमी होतो. ‘मेसन’ म्हणजे पाथरवट. युरोपात मोठ्या चर्चच्या आणि किल्ल्यांच्या बांधकामाशेजारी पाथरवटांसाठी जी पडवी उभारली जाई, ती ‘लॉज’. तेथे ते हत्यारे ठेवत, जेवत, उमेदवारांना शिकवत आणि धंद्याचे नियम ठरवत. एडिंबरोच्या एका लॉजची इतिवृत्ते १५९९ पासूनची उपलब्ध आहेत. पुढे हातात छिन्नी न धरणारी सुशिक्षित माणसेही या लॉजमध्ये घेतली जाऊ लागली. पुराणवस्तूंचे संग्राहक इलियास अ‍ॅशमोल यांनी १६४६ साली आपल्या प्रवेशाची नोंद रोजनिशीत केली आहे. लंडनच्या चार लॉजनी एकत्र येऊन १७१७ साली पहिली ग्रँड लॉज स्थापन केली असे परंपरा मानते. काही इतिहासकार ही घटना १७२१ ची समजतात. १७२३ साली जेम्स अँडरसन या धर्मोपदेशकाने तयार केलेली नियमावली छापली गेली, आणि तेव्हापासून लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई आहे. धर्मपंथांच्या भांडणातून यादवी युद्ध भोगलेल्या देशात, वेगवेगळ्या पंथांच्या माणसांना एका टेबलाभोवती बसता यावे म्हणून घातलेली ही अट होती. ती आजही पाळली जाते, आणि माझ्या मते या संस्थेच्या दीर्घायुष्याचे बरेचसे श्रेय या एका नियमाला आहे.

सभासदत्वाच्या तीन पायऱ्या असतात : शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. पहिल्या विधीपूर्वी उमेदवाराच्या अंगावरील पैसे, अंगठी, घड्याळ अशा सर्व धातूच्या वस्तू काढून ठेवतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि गळ्यात सैल दोरी घालतात. विधी चालू असता एका टप्प्यावर त्याच्याकडे दानधर्मासाठी काही देण्याची मागणी केली जाते. खिसा रिकामा असल्यामुळे त्याला सर्वांसमोर ‘माझ्याकडे काही नाही’ असे म्हणावे लागते, आणि मग त्याला सांगितले जाते की, पुढे कोणी अडचणीतला माणूस दारी आला तर हा क्षण आठव. श्रीमंत व्यापारी असो वा न्यायाधीश, सर्वांना यातून जावे लागते. दुसऱ्या पायरीवर विद्या आणि विज्ञान यांचा अभ्यास करण्याचा उपदेश असतो. तिसऱ्या पायरीवर बायबलमधील राजा सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य शिल्पी हिराम अबिफ याची कथा नाट्यरूपाने सादर होते. धंद्याचे गुपित सांगण्यास नकार दिल्याबद्दल तिघे कारागीर त्याला ठार मारतात, आणि उमेदवाराला त्या मृत शिल्पीच्या जागी उभे केले जाते. इतर वेळी सभा बऱ्याच रटाळ असतात असे म्हणायला हरकत नाही : मागील सभेचे इतिवृत्त, हिशेब, नव्या अर्जांवर मतदान, मदतनिधीची चर्चा आणि शेवटी एकत्र जेवण.

शपथेतील गळा चिरण्यासारख्या भयंकर शिक्षांविषयी आपल्या नातेवाइकांनी काही ऐकले असेल, तर ते निराधार नाही. जुन्या शपथांत तशी भाषा होती, ती प्रतीकात्मक होती, आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ साली ती शपथेतून वगळली.

आपल्या यजमानांनी प्रत्यक्ष निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रवेश घेताना ‘मी स्वेच्छेने आलो आहे, मित्रांच्या आग्रहाने किंवा लाभाच्या आशेने नाही’ असे प्रत्येकाला जाहीर करावे लागते. त्यामुळे वरिष्ठांना नाही कसे म्हणायचे या संकोचातून होकार देणे हे लॉजच्या नियमांतही बसत नाही. बढती किंवा धंद्यातील ओळखी मिळतील असे कोणी सुचवत असेल तर तेथेच थांबावे. दुसरी बाब पैशांची. प्रवेशशुल्क, वार्षिक वर्गणी, जेवणावळी, सभेत कमरेला बांधायचा ॲप्रन आणि पोशाख यांचा खर्च लॉजनुसार वेगळा असतो आणि तो आधी विचारण्यात गैर काही नाही. दानधर्म स्वतःच्या कुटुंबाला झळ न लावता करावा, असे खुद्द त्यांच्या विधीतच सांगितलेले आहे, हे सासूबाईंच्या कानावर अवश्य घालावे.

प्रश्न : ही संस्था इंग्रजांची होती, तर तिच्यात हिंदी माणसांना प्रवेश कसा मिळाला? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सहजासहजी मिळाला नाही. कलकत्त्यात १७३० च्या सुमारास आणि मुंबईत १७५८ साली लॉज सुरू झाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांसाठी व लष्करी अधिकाऱ्यांसाठी. सर्व माणसे समान आहेत असे विधीत म्हणायचे आणि दाराशी आलेल्या हिंदी माणसाला परत पाठवायचे, असा प्रकार कित्येक दशके चालला. अर्काटच्या नवाबाच्या मुलासारखे तुरळक अपवाद होते, पण ते राजघराण्यातले.

मुंबईत ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी केला. येथील लॉजने त्यांना नाकारले, तेव्हा ते युरोपात गेले आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमधील लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली. म्हणजे ते मुंबईला परतले ते फ्रीमेसन होऊनच. आता त्यांना ‘बंधू’ न मानणे कठीण होते. तरीही इंग्रजी लॉजचे दार उघडेना. अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांनी पुढाकार घेतला. बर्न्स हे मुंबई सरकारच्या सेवेतील स्कॉटिश डॉक्टर होते. त्यांनी पूर्वी कच्छमध्ये भुजच्या रेसिडेन्सीत काम केले होते, आणि काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे भाऊ. पश्चिम भारतातील स्कॉटिश लॉजचे ते प्रमुख होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १८४३ च्या अखेरीस ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत निघाली, ती मुख्यत्वे हिंदी सभासदांसाठी. पारशी मंडळींनी तेथे मोठ्या संख्येने प्रवेश घेतला. प्राच्यविद्येचे अभ्यासक खरशेटजी रुस्तमजी कामा हेही त्यांपैकीच.

हिंदूंच्या बाबतीत गोऱ्या अधिकाऱ्यांचा आक्षेप असा की, अनेक देव मानणाऱ्याची एका परमेश्वरावर श्रद्धा कशी धरायची आणि त्याची शपथ ग्राह्य कशी मानायची. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना त्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले आणि १८७२ साली त्यांचा प्रवेश झाला. त्यानंतर बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ या लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. मोतीलाल नेहरूही फ्रीमेसन होते. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी आणलेल्या संस्थेत हिंदी माणसे तिच्याच नियमांवर बोट ठेवून शिरली, असे या इतिहासाचे स्वरूप आहे. मात्र समान म्हणून एका टेबलावर जेवणारे गोरे सभासद दुसऱ्या दिवशी क्लबात त्याच माणसाला शेजारी बसू देत असत असे समजू नये.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. मला फ्रीमेसन होता येईल का? — एक वाचक, वसई

उत्तर : लॉजची हरकत नाही, चर्चची आहे. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ साली पहिली बंदी घातली. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत फ्रीमेसनांचे नाव घेतलेले नसल्यामुळे बंदी उठली असा समज पसरला होता. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की सभासद होणारा गंभीर पापाच्या अवस्थेत असतो आणि त्याला कम्युनियन म्हणजे चर्चमधील पवित्र प्रसाद घेता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हीच भूमिका पुन्हा सांगण्यात आली.

प्रश्न : जगाची सूत्रे हेच लोक हलवतात, हे खरे का? — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नाही. यातील पुष्कळ कथा लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाने रचल्या आणि १८९७ साली पॅरिसमध्ये भरसभेत आपण सारी थाप मारली असे त्याने स्वतःच जाहीर केले. कथा मात्र मागे राहिल्या. लॉजच्या आडून गैरकृत्ये कधीच झाली नाहीत असे नव्हे. इटलीत १९८१ साली उघडकीस आलेल्या ‘पी-टू’ या लॉजच्या प्रकरणात मंत्री, लष्करी अधिकारी आणि बँकवाले यांची गुप्त यादी सापडली आणि सरकार कोसळले. बंद दाराआड वजनदार माणसे एकत्र येतात तेथे हा धोका असतोच.

प्रश्न : स्त्रियांना प्रवेश का नाही? — एक वाचक, पुणे

उत्तर : १७२३ च्या नियमावलीत स्त्रियांना वगळले आहे आणि ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ तो नियम पाळते, याहून सबळ कारण मला आढळलेले नाही. ज्या माणकजी करसेटजींसाठी पुरुषांचे हे दार इतके अवघड ठरले, त्यांनीच १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन काढली, पण लॉजमध्ये स्त्रियांना घेण्याचा विषय त्या पिढीत निघाला नाही. स्त्री-पुरुष दोघांनाही घेणारी वेगळी परंपरा फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. ॲनी बेझंट १९०२ साली तिच्यात दाखल झाल्या आणि थिऑसॉफिस्टांमार्फत ती भारतातही आली. इंग्लंडमध्ये केवळ स्त्रियांच्या लॉज आहेत, आणि सभासद स्त्रिया आहेत एवढे सोडले तर त्यांचे काम रीतसर चालते, असे तेथील पुरुषांच्या ग्रँड लॉजने १९९९ मध्ये मान्य केले. तरीही दोन्हीकडचे सभासद एकमेकांच्या विधींना बसू शकत नाहीत. सभासदांच्या पत्नींना स्नेहभोजने व सहली यांसाठी बोलावतात, सभागृहात मात्र नेत नाहीत.