माफ केलं, मग सही का करत नाही?

ख्रिस्ती कुटुंबांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी जी माणसं येतात, विशेषतः बायका, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. नवरा, दीर, भाऊ, मुलगा, यांतल्या कुणीतरी त्यांना पुन्हा पुन्हा दुखावलेलं असतं नाहीतर लुबाडलेलं असतं. आपण क्षमा केली असं त्या सांगतात आणि लगेच आवाज खाली करून विचारतात, "पण मॅडम, परत विश्वास टाकायला मन धजत नाही. म्हणजे माझी क्षमा खोटीच का?" यावर नुसतं तात्त्विक बोलत बसलं तर तास संपतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून एका बाईंची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बाई नगर जिल्ह्यातल्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही तेच म्हणते. झोप उडाली म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या. बीपीची गोळी वाढवूनही फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे धाडलं. पहिला अर्धा तास त्या गुडघेदुखीबद्दल बोलल्या. मग पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल निघाली.

आत एका पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज होता. कर्ज 5 लाखांचं, टेम्पोसाठी. कर्जदार धाकटा भाऊ. 'जामीनदार क्रमांक 1' या रकान्यात बाईंचं नाव लिहून तयार होतं आणि सही करायच्या जागी पेन्सिलने फुली मारलेली. फोटोही भावानेच चिकटवला होता, कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून कापलेला. बाईंच्या खांद्यावर शेजारच्या कुणाची तरी चार बोटं तशीच राहून गेली होती.

आई लवकर गेल्यामुळे हा भाऊ बाईंच्याच हाताखाली वाढला. झेरॉक्सच्या दुकानाला बाईंनी 40 हजार दिले, दुकान सहा महिन्यांत बसलं. मग कोंबड्यांची शेड. त्यासाठी पाटल्या गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत. निवृत्तीच्या पैशांतून 1 लाख 20 हजार गेले, ते कशासाठी हे आजतागायत नीट कळलेलं नाही. यातलं एकही येणं कधी फिटलं नाही आणि बाईंनी कधी मागितलंही नाही. मात्र शाळेच्या जुन्या डायरीत लाल शाईने सगळं लिहून ठेवलेलं होतं. ती डायरी त्या कुणाला दाखवत नसत, तिची त्यांना लाज वाटे. "क्षमा केलेला माणूस हिशेब ठेवतो का हो?" असं त्यांनी मला विचारलं.

रविवारच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋणी यांस ऋण सोडले आहे' ही ओळ आली की बाईंचे ओठ मिटत. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, रविवारी त्या शेवटच्या बाकावर बसत आणि भाकर वाटायच्या आधीच उठून जात. मनात अढी ठेवून त्या मेजाशी जायचं नाही, हे त्यांनी स्वतःच संडे स्कूलच्या पोरांना शिकवलेलं. चर्चच्या भगिनी मंडळात कुजबुज झाली, चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी "घरचं आहे, प्रार्थनेत ठेवू या" असं सांगितलं. आणि भावाचा रोज सकाळी फोन. तोही त्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, वचनं तोंडपाठ. "आक्का, जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे असं लिहिलंय. साताच्या सत्तर वेळा क्षमा करा असं लिहिलंय."

आता इथे समुपदेशकाने "तुम्ही ठामपणे नाही म्हणायला शिका" असं सांगितलं की झालं, असं कुणाला वाटेल. तसं होत नाही. बाईंच्या लेखी हा प्रश्न ठामपणाचा नव्हताच, पापाचा होता. शास्त्र बाजूला ठेवून बोलले असते तर त्या मान हलवून घरी गेल्या असत्या आणि सही करून मोकळ्या झाल्या असत्या. म्हणून मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी येताना तुमचं शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन या, चष्माही आणा. मी काही धर्मपंडित नाही, पण अनुभवाने एक सांगते. घरातल्या दुबळ्या माणसावर जेव्हा वचन उगारलं जातं, तेव्हा ते बहुतेक वेळा अर्धंच असतं. मागचं-पुढचं वाचायला कुणी बसलेलं नसतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आम्ही सबंध वाचला. 'साताच्या सत्तर वेळा' हे येतं बाविसाव्या वचनात. त्याच्या आधी, पंधराव्यात, लिहिलंय की भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकादोघांना बरोबर ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. म्हणजे शिष्य पेत्राने येशूला 'किती वेळा क्षमा करू' हे विचारण्याआधी समोर बसून बोलण्याची सगळी रीत सांगून झालेली आहे. बाईंनी हा अध्याय आयुष्यभर शिकवला होता. भावाला त्याचा अपराध मात्र एकदाही दाखवला नव्हता. (जिथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथे एकट्याने समोर जाण्याचा सल्ला मी देत नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, बाकी सगळं नंतर.)

पुढे त्याच अध्यायात निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आहे. राजाने त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं आणि त्याने बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. उपदेशात हे शंभर दीनार नेहमी चिल्लर म्हणून उडवले जातात. पण दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तोच ठरलेला आहे. आठवड्याचे सहा दिवस कामाचे धरले तर शंभर दीनार म्हणजे चार महिन्यांची मजुरी. चाकराचं देणं मात्र, एक तालांत साधारण सहा हजार दीनारांचा धरला तर, 6 कोटी दिवसांच्या मजुरीचं होतं. दोन्हींची तुलना होऊच शकत नाही, हे खरंच. तरी चार महिन्यांची मजुरी गरिबाला जड असते. दाखल्यात रकमा आहेत, आकडे आहेत. कुणाचं किती हे माहीत असल्याशिवाय सोडलं तरी काय सोडलं? हे ऐकून बाईंनी डायरी टेबलावर ठेवली. आम्ही बेरीज केली. पाटल्यांचा भाव कुठला धरायचा यावरून आमचा थोडा वादही झाला. त्यांचं म्हणणं गहाण टाकताना होता तो, माझं म्हणणं आजचा.

राहिला प्रश्न जामिनाचा. 'मागतो त्याला दे' हे वचन मला पातळ करायचं नव्हतं. ते तिथे आहेच, आणि लूकात तर परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या असं म्हटलंय. पण देणं म्हणजे आपल्या हातात आहे ते दुसऱ्याच्या हातात ठेवणं. जामीन राहणं म्हणजे जे आपल्यापाशी नाही त्याचा शब्द देणं. नीतिसूत्रांत यावर इतकं स्पष्ट लिहिलंय की वाचताना बाई हसल्याच. बाविसाव्या अध्यायात म्हटलंय की दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणाऱ्यांतला होऊ नकोस, फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूण कुणी का काढून न्यावं? सहाव्यात तर जामीन झाला असलास तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिण निसटतं तसा निसट, असं आहे. "माझी झोप आधीच गेलीय, सही अजून व्हायचीय," बाई म्हणाल्या.

कायदाही याला धरूनच आहे. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवते, तेव्हा त्यात जामीनदाराचं नावही येऊ शकतं. 'नुसती सही तर आहे' असं सांगून ज्यांच्याकडून सह्या घेतल्या जातात, त्यांच्यातल्या फारच थोड्यांना हे कुणी सांगितलेलं असतं.

पण बाई जुन्या शिक्षिका, इतक्यात मानणाऱ्या नव्हत्या. पुढच्या भेटीला मुद्दा काढूनच आल्या. उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा बापापुढे धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, जामीन राहिला, ते कसं? इब्री लोकांच्या पत्रात तर येशूलाच चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय! मी म्हटलं, तुम्हीच सांगा. बराच वेळ त्या पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "यहूदाने स्वतःला गुलाम म्हणून पुढे केलं. प्रभूने तर जीवच दिला. दोघांपाशी फेडायला होतं." आणि थोडं थांबून, "माझ्यापाशी पेन्शन आहे आणि दोन खोल्या आहेत." यात माझी काही हुशारी नाही. हे उत्तर मला सुचलं नसतं.

विश्वासाच्या प्रश्नावर मात्र मला योसेफाची गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते. भावांनीच त्याला गुलाम म्हणून विकलं होतं, पुढे तो मिसरात मोठा अधिकारी झाला. दुष्काळात धान्यासाठी आलेले ते भाऊ त्याला पाहताक्षणी ओळखू आले, पण त्याने लगेच ओळख दिली नाही. शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्याला आणायला लावलं, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून त्यांना परत आणवलं. एका भावाला विकणारे दुसऱ्याला सोडून जातात का, हे त्याला बघायचं होतं. यहूदा 'त्याच्याऐवजी मला ठेवा' म्हणाला, तेव्हा कुठे तो त्यांच्यासमोर रडला आणि आपण कोण ते सांगितलं. सूड त्याच्या मनात असता तर धान्याच्या गोण्यांत भावांचे पैसे परत गेले नसते. क्षमा एकट्याने करता येते. विश्वासाला मात्र समोरच्याचं वागणं लागतं आणि ते पाहायला वेळ जावा लागतो. बाईंना मी विचारलं, पाटल्या गेल्यापासून भावाच्या वागण्यात काय बदललं? त्यांना सांगण्यासारखं काही आठवलं नाही.

नंतरच्या भेटी तालमीत गेल्या. मी भाऊ व्हायचे, बाईंनी उत्तर द्यायचं. सुरुवातीला त्यांचं उत्तर लांबायचं: बीपी आहे, पेन्शन उशिरा येते, बघू पुढच्या महिन्यात. अशी कारणं दिली की समोरचा एकेक कारण खोडून काढतो. शेवटी उरली दोनच वाक्यं. "बाळा, आधीचे पैसे मी सोडले, त्यांचं नाव मी पुन्हा काढणार नाही. पण जामीन म्हणून मी सही करणार नाही." त्यावर तो वचन सांगायला लागला तर वाद घालायचा नाही, तीच दोन वाक्यं पुन्हा म्हणायची.

भाऊ चिडला. आक्का जगाची झाली, विश्वासात थंड झाली, असं मंडळीत सांगत फिरला. मग बाईंनी पुढची पायरी धरली, पाळकसाहेबांना आणि थोरल्या चुलतभावाला बरोबर घेऊन त्याच्या घरी गेल्या. तिथे डायरी उघडली. भावजयीला पाटल्यांचं माहीत होतं, 1 लाख 20 हजारांचं नव्हतं. त्या संध्याकाळी काय काय झालं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, पण 'प्रार्थनेत ठेवू या' म्हणणारे पाळकसाहेब त्या दिवशी भावाला स्पष्ट बोलले, एवढं सांगते. पैसे परत मिळाले नाहीत. मिळतील असं आम्ही कुणी धरलंही नव्हतं.

भावाने दुसरा जामीनदार गाठला, टेम्पो घेतला. तो चालतोय की नाही हे बाई विचारत नाहीत. तो बाईंशी बोलत नाही, नाताळला आला नाही, आणि याचं त्यांना वाईट वाटतं. ते वाटणं काढून टाकायचा प्रयत्न आम्ही केला नाही. झोप बरीचशी परत आली, गोळी चालू आहे. प्रभुभोजनाला त्या आता थांबतात.

जूनमध्ये भाचीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता थकला. भावजयीने चोरून फोन केला. बाईंनी मला विचारलं नाही, नंतर कळवलं. आपल्याला झेपेल तेवढी रक्कम त्यांनी थेट कॉलेजच्या खात्यावर भरली, पावती भाचीच्या नावाने घेतली. भावजयीला एकच सांगितलं, हे उसने नाहीत, दिलेत.