17 वर्षं झाली, आता आयआरआरमध्ये जाऊ का?

अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या मराठी मुलामुलींची आणि त्यांच्या घरच्यांची यावेळची पत्रं एकाच काळजीची आहेत: बदली कुठे घ्यावी, म्हणजे तैनातीही टळेल आणि पेन्शनही हातची जाणार नाही? आधी एक हिशेब पक्का ध्यानात ठेवा. रिझर्व्ह (अर्धवेळ राखीव दल) किंवा नॅशनल गार्डच्या (राज्यांच्या अर्धवेळ दलाच्या) पेन्शनला 20 ‘गुड इयर्स’ लागतात आणि वर्ष ‘गुड’ ठरायला किमान 50 पॉइंट, म्हणजे सेवा आणि प्रशिक्षणाबद्दल मिळणारे गुण. हे वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, ते तुमच्या स्वतःच्या सेवेच्या तारखेपासून मोजतात. पेन्शन हातात पडते ती सहसा वयाच्या 60व्या वर्षी.

आर्मीतली 4 वर्षं संपत आली, करार 8 वर्षांचा आहे. उरलेली वर्षं आयआरआरमध्ये (इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह, म्हणजे युनिट नसलेल्या राखीव सैनिकांची यादी) काढली तर ड्रिल, म्हणजे युनिटचं नियमित प्रशिक्षण, नाही आणि तैनातीही नाही, असं मित्र म्हणतात. खरं आहे का? (टेक्सासहून एक वाचक)

ड्रिल नाही, हे खरं. तैनाती नाही, हे मात्र खरं नाही. आयआरआरवाल्याला युनिट नसतं, पण तो रेडी रिझर्व्हचाच, म्हणजे गरज पडल्यास बोलावता येणाऱ्या राखीव दलाचाच, भाग असतो. राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली की अमेरिकी कायद्याच्या (टायटल 10) कलम 12302 खाली त्यालाही 24 महिन्यांपर्यंत बोलावता येतं. 2004 मध्ये इराक युद्धासाठी आर्मीने आयआरआरमधल्या अनेकांना असंच परत बोलावलं होतं. आधीपासून आखलेल्या मोहिमांसाठी 12304बी खाली बोलावणं येतं, ते मात्र ड्रिल करणाऱ्यांनाच. म्हणजे धोका कमी होतो, संपत नाही.

पूर्णवेळ शिकायचं असेल आणि पेन्शनचा विचार नसेल, तर खुशाल आयआरआर घ्या. पेन्शन थोडीशी जरी मनात असेल तरी युनिट धरा. ॲक्टिव्हमधून (पूर्णवेळ सेवेतून) येणाऱ्यांना दोन वर्षं मोबिलायझेशनमधून (सक्तीच्या बोलावण्यातून) सूट देऊ, असं रिक्रूटर सांगेल. ते करारात लिहून आलं तरच खरं माना.

माझे मिस्टर आर्मी रिझर्व्हमध्ये सार्जंट आहेत. 17 गुड इयर्स झाली. पुढच्या वर्षी युनिट बाहेर जाणार अशी कुणकुण आहे. मुलगी दहावीला आहे. हे आयआरआरमध्ये जायचं म्हणतात. (न्यू जर्सीहून एक भगिनी)

ताई, तुमची घालमेल कळते. तरीही माझं मत स्पष्ट आहे: 17 वर्षांवर आयआरआर नको.

आयआरआरमध्ये वर्षाला सदस्यत्वाचे 15 पॉइंट आपोआप मिळतात. उरलेले 35 पत्रद्वारा कोर्स किंवा बिनपगारी ड्रिल करून स्वतः मिळवावे लागतात, तेही सलग तीन वर्षं. नोकरी-संसार सांभाळून बहुतेकांचं ते राहून जातं. 47 पॉइंटवर वर्ष संपलं तर ते पॉइंट रकमेच्या हिशेबात धरले जातात, पण 20 वर्षांत ते वर्ष धरलं जात नाही. शिवाय ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट हा आरोग्य विमा आयआरआरवाल्यांना मिळत नाही. तुमचं घर त्यावर चालत असेल तर हा खर्च आधी मांडा.

आता तैनातीची दुसरी बाजू. 28 जानेवारी 2008 नंतरच्या पात्र ॲक्टिव्ह ड्युटीच्या दर 90 दिवसांमागे पेन्शनचं वय तीन महिन्यांनी अलीकडे येतं, मात्र 50च्या खाली जात नाही. मिस्टर 300 दिवस गेले, तर 90 दिवसांचे तीन टप्पे पूर्ण होतात आणि पेन्शन नऊ महिने आधी सुरू होते. ऑर्डरवर कोणतं कलम छापलंय ते जरूर बघा: 12301(डी), 12302, 12304बी चालतात. वार्षिक प्रशिक्षणाचे दिवस यात धरत नाहीत.

मुलीच्या वर्षासाठी थांबायचंच असेल तर मधला मार्ग आहे. जवळपास तैनाती नसलेल्या दुसऱ्या युनिटमध्ये, शक्यतो प्रशिक्षण देणाऱ्या, जागा शोधा. हे आजच करा. युनिटला आदेश लागला की बदली सहसा अडते. आणि 18 वर्षं पूर्ण झाली की 20 होईपर्यंत, काही अपवाद सोडता, इच्छेविरुद्ध बाहेर काढता येत नाही. त्या उंबरठ्याला अवघं एक वर्ष उरलं आहे.

12 वर्षं ॲक्टिव्ह ड्युटी झाली. दर तीन वर्षांनी घर हलवून बायको-मुलं थकली. गार्डमध्ये गेलो तर किती नुकसान? (व्हर्जिनियाहून एक वाचक)

कागद घ्या. 12 गुणिले 365 म्हणजे 4,380 पॉइंट. गार्डमध्ये ड्रिलचे 48, वार्षिक प्रशिक्षणाचे साधारण 15 आणि सदस्यत्वाचे 15, असे वर्षाला 78. आठ वर्षांचे 624. एकूण 5,004, 360 पॉइंटचं एक वर्ष धरून भागिले 360 म्हणजे 13.9 वर्षं. जुन्या पद्धतीत अडीच टक्क्यांनी मूळ पगाराच्या 34.75 टक्के, बीआरएस ही नवी पेन्शन पद्धत निवडली असेल तर दोन टक्क्यांनी 27.8 टक्के. ॲक्टिव्हमध्येच 20 काढली तर जुन्या पद्धतीत 50 टक्के, आणि तेही लगेच. खरी तफावत टक्क्यांपेक्षा त्या मधल्या वीसेक वर्षांची आहे.

तरीही घर एका गावात स्थिरावणं ही लहान गोष्ट नाही, आणि हातात चांगली नोकरी असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त गार्डला दोन मालक असतात, हे जाणून जा. राज्यपालाने पुरासाठी ‘स्टेट ॲक्टिव्ह ड्युटी’वर बोलावलं, तर त्या दिवसांचे फेडरल पॉइंट मिळत नाहीत.

निघण्यापूर्वी पॉइंट स्टेटमेंट ओळ न् ओळ तपासा. आर्मी रिझर्व्हमध्ये ते डीए फॉर्म 5016, गार्डमध्ये एनजीबी फॉर्म 23बी. राहिलेले पॉइंट लावून घ्यायला जुन्या ऑर्डर लागतात, आणि त्या जुन्या युनिटकडून नंतर मिळवताना फार दमछाक होते.

20 गुड इयर्स पूर्ण झाल्याचं पत्र आलं. वय 43. आता सरळ डिस्चार्ज घेऊ का? (कॅलिफोर्नियाहून एक वाचक)

नको. रिटायर्ड रिझर्व्हमध्ये, म्हणजे पेन्शनची वाट पाहणाऱ्या निवृत्तांच्या यादीत, नाव टाका. तिथे राहिलात तर तुमची पेन्शन 60च्या सुमाराच्या पगार तक्त्यावर काढतात. डिस्चार्ज घेतलात तर आजच्या तक्त्यावर अडकते, आणि 17 वर्षांची पगारवाढ हातची जाते.

त्या पत्रासोबत वारसाच्या पेन्शनचा फॉर्म असतो. तो 90 दिवसांत भरायचा असतो. पत्नीला पूर्ण आणि तात्काळ संरक्षणापेक्षा कमी निवडायचं असेल तर तिची सही लागते. आणि साठीजवळ आलात की पेन्शनसाठी स्वतः अर्ज करा, ती आपोआप सुरू होत नाही.